उजव्या बाजूचे ओरखडे

आमच्या ऑफिसात तिला तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि मागे 'भिंग'. मी तिच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसले, तेव्हा दोन्ही नावं मीही वापरली आहेत. आमचं काम ठोकलेल्या गाड्या तपासायचं. विमा उतरवलेली गाडी कुठं आपटली की मालक दावा लावतो, आणि तो दावा खरा की बनाव हे बघायला कंपनी आमच्यापैकी कुणाला तरी पाठवते. आम्ही बाकीचे चार फोटो काढायचो, मालकाचा जबाब घ्यायचो आणि जेवायच्या वेळेला परत यायचो. ती मात्र आधी मालकालाच चहा प्यायला पिटाळायची. म्हणायची, "तो बोलायला लागला की गाडी काय सांगते ते ऐकू येत नाही." मग पर्समधून मोजपट्टी, टॉर्च आणि ते प्रसिद्ध भिंग काढून गाडीभोवती गुडघ्यांवर फिरायची.

एकदा एका गृहस्थानं सांगितलं की, वादळात त्याच्या गाडीवर रस्त्याकडेचं मोठं झाड पडलं. हिनं वायपरच्या फटीतून एक वाळकं पान काढलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "कुंडी कितव्या मजल्यावरून पडली?" गृहस्थांनी त्याच दिवशी दावा मागं घेतला.

घरीही तीच तऱ्हा. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो, आणि अतिशय कमी बोलतो. मी एकदा त्याला त्याचं कारण विचारलं. तो म्हणाला, "प्रत्येक वाक्याला पुरावा मागतात हो. गप्प बसलेलं स्वस्त पडतं."

पण जगात तिचा सगळ्यात जास्त संशय होता तो तिच्या थोरल्या भावावर. ती त्याला दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणते. दादा तिच्याहून सात वर्षांनी मोठा. लिफ्टची दुरुस्ती करण्यात त्याची सगळी हयात गेली. माणूस मोकळा, बडबड्या, चार माणसांत बसला की हसवून बेजार करणारा. पण सहा वर्षांपूर्वी त्यांची आई आजारी पडली, ती दादाच्या घरी होती, आणि दादानं दोन महिने हिला पत्ता लागू दिला नाही. रोज फोनवर "आई मजेत आहे, आत्ताच जेवली, झोपलीय." का, तर हिला उगाच काळजी नको. ही पोचली तेव्हा आई माणसं ओळखत नव्हती. त्यानंतर बहीणभावांत वर्षाला दोन फोन, तेही हवापाण्यावर.

आणि अचानक गेल्या वर्षी, कामाच्या दिवशी भर दुपारी, दादाचा फोन.

"बारके, गाडी तयार झाली!"

गाडी म्हणजे काय ते सांगायला हवं. पन्नासएक वर्षांपूर्वी अशा गाड्या निघायच्या: दोनच दारं, पलंगाएवढं बॉनेट आणि त्याखाली आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन. धावायला नव्हे, गुरगुरायलाच बनवल्यासारख्या. दादानं तसल्या एका गाडीचा गंजलेला सांगाडा भंगारातून उचलला होता आणि भाड्याच्या शेडमध्ये बारा वर्षं तिच्यामागे लागला होता. सुट्टीचा प्रत्येक दिवस तिथं. वहिनी होती तोवर डबा घेऊन शेडमध्ये जायची. ती गेल्यावर डबाही थांबला, पण दादा थांबला नाही.

"आता तिला महामार्गावर काढायची," दादा म्हणाला. "थेट समुद्रापर्यंत. चौदाशे किलोमीटर, तीन दिवस. तू आणि मी."

"मीच का?"

"तुला गाड्यांतलं कळतं."

"तुला माझ्याहून जास्त कळतं."

पलीकडे शांतता. मग, "सोबत हवी गं," आणि फोन ठेवलान.

हिनं रिसीव्हर हातातच धरून माझ्याकडे बघितलं. "चार सेकंद गप्प होता. हा माणूस आयुष्यात चार सेकंद गप्प बसलेला नाही. कुठंतरी पाणी मुरतंय."

"मग नको जाऊस."

"नको कसं? काय शिजतंय ते कळल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही." आणि तिथंच तिनं रजेचा अर्ज लिहिला.

*

शेडसमोर गाडी उभी होती. गर्द निळी, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे, क्रोमवर ऊन नुसतं नाचत होतं. दादानं दोन्ही हात पसरून "काय म्हणतेस?" केलं. ही बॅग खाली ठेवून गाडीला प्रदक्षिणा घालायला लागली. डावी बाजू आरशासारखी. या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, आणि उजव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या पलीकडच्या अंगाला, तीन ओरखडे.

"हे काय?"

"ते होय? पार्किंगमध्ये कुणी तरी घासून गेलं."

"तिन्ही वेळा?"

"हल्ली डोळे उघडे ठेवून गाडी चालवतंय कोण! बस, बस, उशीर होतोय."

बारा वर्षं जो माणूस एकेक स्क्रू पॉलिश करत बसला, तो ओरखडे तसेच ठेवून समुद्रावर निघाला, हे तिला पटेना. तिच्या मनात पाल चुकचुकली ती तिथं.

गाडी सुरू झाली तेव्हा म्हणे शेडचा पत्रा थरथरला. शहराबाहेर पडेपर्यंत लोक वळून वळून बघत होते. पेट्रोल पंपावर थांबले तर रांगेतल्या माणसांनी रांग सोडून फोटो काढले. समोरून येणारे ट्रक हॉर्न देऊन सलाम करत होते. आत पेट्रोलचा आणि नव्या रेक्झिनचा वास, पायाखालून येणारी धग, आणि आवाज इतका की, साधं बोलायचं तरी ओरडून. दादा खुशीत होता. पण हिची नजर त्याच्या हातांवर. त्यानं स्टिअरिंग असं धरलं होतं की, बोटांची पेरं पांढरी पडली होती. मान चिमणीसारखी सारखी इकडून तिकडे. आणि वर दर पाच मिनिटांनी, "बारके, बोर्ड वाच की. लहानपणी बसमध्ये वाचायचीस तसे. मजा येते."

पुढची गाडी मागे टाकायची झाली की, "तुझ्या बाजूला काही आहे का बघ गं."

नकाशा शोधायला तिनं समोरचा कप्पा उघडला. नकाशाच्या खाली विम्याचा कागद. तारीख अवघी तीन आठवड्यांपूर्वीची. आणि विमा साधा नव्हे, ठरलेल्या रकमेचा. म्हणजे गाडी दरीत गेली किंवा जळाली, तर एकरकमी पैसे, घासाघीस नाही.

आमच्या धंद्यात एका प्रकाराला आम्ही 'सहल' म्हणतो. जुनी गाडी, नवा विमा, घरापासून लांबचा रस्ता, आणि शेजारी एक असा साक्षीदार ज्याच्या शब्दावर कुणी शंका घेणार नाही. मग एखाद्या वळणावर ब्रेक 'लागत नाहीत', दोघं वेळेत उड्या मारतात, गाडी खाली. तिनं अशा अकरा सहली पकडल्या होत्या. आता ती स्वतःच एका सहलीला निघाली होती आणि विम्याच्या तपासनिसाहून चांगला साक्षीदार कुठं मिळणार होता? तिनं कागद जसा होता तसा ठेवला, कप्पा लावला, आणि दाराचं हँडल नीट उघडतं ना ते हळूच बघून घेतलं.

चार वाजता रस्ता मोकळा, ऊन लख्ख, आणि दादानं गाडी एका लॉजच्या आवारात घातली.

"आत्ताच?"

"इंजिन तापलंय."

हिनं तापमानाच्या काट्याकडे बघितलं. काटा मधोमध, सुखात. तिनं वही काढून नोंद केली.

संध्याकाळी सात वाजता दादा एक छोटी पिशवी घेऊन बाथरूममध्ये गेला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल, गाल ओले.

"काय झालं?"

"साबण गेला."

सकाळी सात वाजता पुन्हा तेच. पिशवी, लाल डोळे, साबण. एकाच माणसाच्या डोळ्यांत बारा तासांनी मोजून मापून साबण जातो, हे तिच्या गळी उतरेना. आणि चहाच्या आधी ती व्हरांड्यात आली, तर दादा पाठमोरा उभा राहून दबक्या आवाजात फोनवर बोलत होता.

"नाही, तिला अजून काहीच सांगितलेलं नाही... उद्या दुपारपर्यंत गाडी तुमच्याकडे... हो, परतीची बस बघून ठेवलीय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलली नाही. तपासात घाई करायची नाही, हा तिचा नियम. तिनं मला ऑफिसात फोन केला, विम्याचा क्रमांक दिला आणि म्हणाली, "यामागे काय आहे ते काढ. कुणाला बोलू नकोस."

त्या कंपनीत माझा एक जुना सहकारी होता. अर्ध्या तासात मी तिला उलट फोन केला. "कागद अस्सल आहे. एक गंमत आहे. गाडी चालवणार म्हणून दोन नावं दिलीत. दुसरं तुझं."

"माझं?"

"तुझं. लायसन्सच्या क्रमांकासकट."

तिकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझ्यावरच ढकलणार."

मी तिला म्हटलं, निघून ये तिथून, बस पकड. तिनं ऐकलं नाही. आता तिला दादाला रंगेहाथ पकडायचं होतं.

*

दुसऱ्या दिवशी रस्ता दोन्ही बाजूंनी उघड्या माळावरून जात होता. ती डोळ्यांत तेल घालून बसली होती, पाय अर्धे दाराकडे. दादाची बडबड कमी झाली होती. अकराच्या सुमारास समोर, रस्त्याच्या उजव्या कडेला एक माणूस दिसला. सायकलवर पोत्यांचे गठ्ठे बांधलेले, आणि तो ती ढकलत चाललेला, पाठ यांच्याकडे. बराच लांबून दिसत होता. गाडी हळूहळू त्याच्याकडे सरकायला लागली. दादा सरळ समोर बघतोय, चेहरा शांत, आणि गाडी सरकतेच आहे.

"दादा!"

दादानं "काय?" म्हणून तिच्याकडे मान वळवली. तिनं स्टिअरिंगला झडप घातली आणि जोरात ओढलं. गाडी हेलकावली, टायर किंचाळले, आणि गठ्ठ्यांपासून वीतभर अंतरावरून ती पुढं निघून गेली. बरंच पुढे जाऊन दादानं कशीबशी कडेला घेतली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोण होतं?"

"दिसला नाही तुला?"

"मी... रेडिओकडे बघत होतो."

गाडीत रेडिओ नव्हता. जिथं रेडिओ असायचा तिथं दादानं नुसती पट्टी बसवली होती.

इथं, ती मला म्हणाली, पहिल्यांदा तिचा सगळा हिशोब डळमळला. बनाव करणारा दरी निवडतो, खांब निवडतो. जिवंत माणूस कुणी निवडत नाही. आणि बनाव करणाऱ्याला नंतर घाम फुटत नाही. तिनं पुष्कळ बनावकरी बघितले होते. ते अपघातानंतर बोलतात, भराभर, न विचारलेलंही सांगतात. दादा गप्प होता.

थोडं पुढं रस्त्याकडेला एक खानावळ होती. गाडी तिथवर त्यानं पायी चालल्याच्या वेगानं नेली. हिनं त्याला बाकावर बसवलं, चहा सांगितला, आणि जन्मभर अनोळखी मालकांना जे सांगत आली तेच भावाला सांगितलं. "चहा पी. मी गाडी बघून येते."

मोजपट्टी, टॉर्च, भिंग. माळावरच्या रणरणत्या उन्हात ती उजव्या बाजूला गुडघ्यांवर बसली. पहिल्या ओरखड्यात हिरवा तेलरंग, लाकडाचे तंतू. शेडचं दार हिरवं होतं. दुसऱ्यात करडी सिमेंटची भुकटी, खांबाची. तिसऱ्यात गंजाचा तांबूसपणा, कुठल्या तरी लोखंडी कठड्याचा. तिन्हींचं वय वेगळं. एकावर मेण चढून कडा बोथट झाल्या होत्या, तो काही महिन्यांचा. एक आठवड्याभराचा. बनावाचं नुकसान एका दिवसात होतं, हे तर महिने लावून जमवलेलं. आणि तिन्ही लांब होते, जवळजवळ दीड दीड मीटर. वेग अगदी कमी, तरी लांब. माणूस गाडी आत घेताना खांब जवळ आला की बघतो आणि थांबतो, ओरखडा पडला तरी वीतभर पडतो. हा माणूस थांबला नव्हता, कारण खांब तिथं आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

तिनं भिंग पर्समध्ये टाकलं. मग उठली, कपडे झटकले आणि आत जाऊन दादाच्या उजव्या हाताला बसली.

दादा रस्त्याकडे तोंड करून सांगत होता, ब्रेक जरा नव्यानं जुळवायला हवेत. तिनं आपला हात त्याच्या कानाशेजारी वर केला, दोन बोटं उभी केली आणि हळूहळू पुढं आणायला लागली. कानापासून गालापर्यंत. दादा ब्रेकबद्दल बोलतोय. गालापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत. दादा बोलतोय. बोटं जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा तो दचकला.

"माझा हात कधीपासून दिसतोय, दादा?"

त्यानं कप खाली ठेवला. "आत्ता."

*

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. समोरचं स्वच्छ दिसायचं, अगदी लांबच्या पाटीवरची अक्षरंही वाचता यायची, पण कडेचं सगळं गेलं होतं, नळीतून जग बघावं तसं. उजव्या डोळ्याचं जास्त. अंधार पडायला लागला की नळी आणखी बारीक. वर्षापूर्वी लिफ्टच्या खड्ड्याशी उभा असताना बाजूची शिडी दिसली नाही, तोल गेला, दोर हाताला लागला म्हणून वाचला. त्या दिवशी घरी येऊन त्यानं नोकरीचा राजीनामा लिहिला. सगळ्यांना सांगितलं, कंटाळा आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं जपायचं, बारा बारा तासांनी थेंब घालायचे. आणि गाडी चालवायची नाही.

"कधी सांगितलं?"

"आठ महिने झाले."

"आठ महिने!" खानावळीतली माणसं वळून बघायला लागली, पण आता तिला कशाची पर्वा नव्हती. "तो माणूस मेला असता, दादा. आज. माझ्यासमोर."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे? तुला दिसलाही नाही तो!"

दादानं मान खाली घातली. "एकदाच, पूर्ण रस्ता, स्वतः चालवायची होती. बारा वर्षं गं. दुसऱ्याला देऊन टाकायच्या आधी एकदा. समुद्राकाठी एक गॅरेजवाली आहे, जुन्या गाड्या घेते. तिला दिलीय. म्हणून परतायला बस बघून ठेवलीय. विम्यात तुझंही नाव घातलंय, ते मध्येच मला जमलं नाही तर तू चालवशील म्हणून. पहिल्याच दिवशी सांगणार होतो. मग गाडी सुरू झाली..."

"आईच्या वेळीही तू असंच केलंस."

"हो."

"का?"

"तेव्हा वाटलं, मी नाही सांगितलं तर ते खरं होणार नाही." तो म्हणाला, "आताही तसंच वाटत होतं."

या उत्तरावर दुसरं कुणी असतं तर विरघळलं असतं. तिनं हात पुढं केला. "थेंब दाखव." बाटली घेतली, लेबल भिंगातून वाचलं. "डॉक्टरांचा नंबर." तिथूनच फोन लावला, दादाच्या हातात देऊन त्याला परवानगी द्यायला लावली, आणि मग डॉक्टरांना सगळं पुन्हा विचारलं. आजाराचं नाव, तारीख, दोन्ही डोळ्यांचं टक्क्यांत. डॉक्टरांनी सांगितलेलं दादानं सांगितलेल्याशी जुळलं. तेव्हा कुठं ती रडली. थोडंच, पाठ वळवून.

एवढ्यात तो सायकलवाला गठ्ठे ढकलत खानावळीपर्यंत येऊन पोचला. हिनं बोट दाखवलं. दादा उठला, अंदाज घेत रस्त्यापर्यंत गेला आणि त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला. काय म्हणाला ते हिला ऐकू आलं नाही. सायकलवाल्यानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग निळ्या गाडीकडे बघितलं.

"गाडी झकास आहे काका," तो म्हणाला. "पण तुम्ही नका चालवू."

*

राहिलेले सातशे किलोमीटर तिनं चालवले. आधी तिचा विचार होता की, गाडी तिथंच सोडायची आणि बस धरायची, पण विम्यात तिचंही नाव होतं, तेव्हा किल्ली तिनंच घेतली. क्लच इतका जड की, दोन्ही पाय लावावे लागतील असं वाटलं. तीनदा गाडी बंद पडली आणि खानावळीतल्या ट्रकवाल्यांची चांगली करमणूक झाली. चौथ्यांदा गाडी अशी उसळली की, दादाचं डोकं मागच्या गादीवर आपटलं.

"सावकाश, बारके! म्हैस नाहीये ती."

"तू गप्प बस. आणि थेंबांची बाटली गरम होऊ देऊ नकोस."

दादा नुसत्या आवाजावरून सांगायचा, आता गिअर बदल, आता सोड, आता दाब. हिच्या मनात अजून धुसफुस होती, आणि अधूनमधून ती त्याला आडून प्रश्न टाकत होती, जुळतंय का बघायला: पहिला चष्मा कधी लागला, लिफ्टच्या खड्ड्याशी तोल गेला तेव्हा महिना कुठला होता. पण दुपार कलताना रस्ता एकदम सरळ झाला, समोर कुणी नाही, आणि तिनं पाय थोडा आणखी दाबला. मला सांगताना ती इथं लाजली. चोपन्न वर्षांची बाई, साठाच्या वर कधी काटा जाऊ न दिलेली. काटा कुठवर गेला ते तिनं मला सांगितलं नाही. "लिहून ठेवलेलं नाही," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी समुद्र आला आणि त्याच्या अलीकडे ते गॅरेज. गॅरेजवाली चाळिशीची, हात कोपरापर्यंत काळे, बोलणं मोजकं. हिनं लगेच तिचीच तपासणी सुरू केली. किती गाड्या घेतल्या, कुणाला विकल्या, कागद कुठं आहेत, त्या कोपऱ्यातल्या लाल गाडीचं काय झालं. गॅरेजवालीनं सगळी उत्तरं दिली. मग ती गाडीच्या उजव्या बाजूला आली आणि वाकली.

हिनं दादाकडे बघितलं. दादा काही बोलायच्या आत, त्याला खोटं बोलायची संधीच मिळू नये म्हणून, तीच म्हणाली, "तीन ओरखडे आहेत. तिन्ही गाडी चालवणाऱ्याला न दिसल्यामुळं झालेत. मी मापं लिहून देते."

"तीन?" गॅरेजवाली म्हणाली. "काकांनी मला पाच सांगितले होते." ती जमिनीवर आडवी झाली आणि दाराखालच्या पत्र्यावर बोट टेकवलं. "हा एक. आणि मागच्या चाकाशी हा."

ते दोन तिला सापडले नव्हते. पण तिला लागलं ते तेवढंच नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं? डोळ्यांचं?"

"पहिल्याच फोनला सांगितलं त्यांनी. मी ओरडले होते, चालवत आणू नका म्हणून. म्हणाले, बहीण चालवणार आहे."

गॅरेजवाली कागद आणायला आत गेली. बहीणभाऊ निळ्या गाडीच्या दोन बाजूंना उभे.

"परक्या बाईला सांगितलंस," ती म्हणाली.

"परक्याला सांगायला सोपं असतं गं. तिला वाईट वाटणार नसतं."

हे खरं की खोटं ते तपासायला तिच्याकडे मोजपट्टी नव्हती. कागदांवर सह्या झाल्या. दादानं बॉनेटवर तळवा टेकवला, जरा वेळ ठेवला, आणि मग हिनं न सांगताच तिच्या कोपराला धरून रस्ता ओलांडला.

परतीच्या बसमध्ये, ती म्हणते, दोघं आईबद्दल बोलले. त्या दोन महिन्यांत आई काय खायची, काय मागायची, हिची आठवण काढायची का. दादानं एकेक सांगितलं, वाईट तेही सांगितलं. ते ती मला सांगत बसली नाही, मीही विचारलं नाही.

ऑफिसात परत आल्यावर तिचा संशय कमी झाला, असं मी म्हणणार नाही. पुढच्याच आठवड्यात तिनं बारावी सहल पकडली. पण त्याच महिन्यात तिनं एक दिवसाची रजा टाकली, दादाला घेऊन लायसन्स परत करायला.

खिडकीतल्या कारकुनानं लायसन्स घेतलं, उलटसुलट केलं आणि चष्म्यावरून दादाकडे बघितलं.

"मुदत संपायला तीन वर्षं आहेत."

"हो."

"स्वतःहून परत करताय?"

"हो. डोळ्यांनी दिसत नाही नीट."

"पण इथवर तर आलात. अर्जही तुम्हीच भरलाय." कारकून खुर्चीत मागं रेलला. "माझी एकवीस वर्षं झाली या खिडकीत. लोक मिळवायला येतात, परीक्षा चुकवून न्यायला येतात. परत करायला कुणी येत नाही. काही केस वगैरे आहे का? कुणाला ठोकलंय?"

"नाही हो."

"मग भानगड काय आहे?"

दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ही मागं उभी होती, ती पुढं झाली आणि खिडकीवर हात ठेवला. "साहेब, तो खरं बोलतोय."

"आपण कोण?"

"बहीण."

"बहीण त्याच्याच बाजूनं बोलणार," कारकून म्हणाला. "डॉक्टरांचं पत्र आणा. सहीशिक्क्याचं. आणि झेरॉक्स नको."

जिना उतरताना तिला इतकं हसू आलं की, मधल्या पायरीवर बसावं लागलं. कठडा धरून दादा दोन पायऱ्या वर उभा. तिला नेमकं काय झालंय ते त्याला दिसत नव्हतं, म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "रडतेयस की हसतेयस? बारके, खरं सांग."